निन्टेंडो वीचा सेन्सर बार घरच्या घरी

सांगली-मिरजेकडे जुनी वी, म्हणजे निन्टेंडोचा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल, हाती येते तेव्हा बहुतेक वेळा सेन्सर बार हरवलेला असतो, नाहीतर त्याची सुतळीएवढी वायर उंदरानं कुरतडलेली असते. नवा मागवायची घाई नको. नाव सेन्सर बार असलं तरी त्यात सेन्सर नाहीच; दोन टोकांना इन्फ्रारेड एलईडी आहेत, एवढंच. कॅमेरा आहे रिमोटच्या काळ्या तोंडात. तो दोन ठिपके पाहतो आणि आपण कुठं रोखलंय ते ठरवतो. हात झटकलेला ओळखतो तो ॲक्सेलरोमीटर, तोही रिमोटमध्येच. म्हणून बार बंद असतानाही टेनिसची रॅकेट फिरते, फक्त मेनूतला हात, म्हणजे हाताच्या आकाराचा पॉइंटर, गायब होतो. तसंच होत असेल तर दोष बारचाच धरा. खातरीसाठी टीव्हीसमोर, पडद्यापासून लांब, २० सेंटिमीटर अंतरावर दोन पणत्या लावून बघा. हात दिसू लागेल!

सामान: ९४० नॅनोमीटरचे ५ मिमी इन्फ्रारेड एलईडी ६, ३३ ओहमचे पाव वॉट रेझिस्टर २, एक टाकाऊ यूएसबी केबल आणि इलेक्ट्रिशियन वापरतात ती केसिंग पट्टी ३० सेंटिमीटर. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बाद रिमोटचा ढीग असतो. एकेका रिमोटमधून एक एलईडी सहज निघतो.

पट्टीला प्रत्येक टोकाशी तीन भोकं पाडा. दोन्ही गटांच्या मध्यांत २० सेंटिमीटर अंतर ठेवा. प्रत्येक गटातले तीन एलईडी एकामागे एक, म्हणजे सीरिजमध्ये, डाग देऊन जोडा आणि त्याच ओळीत एक रेझिस्टर घाला. तीन एलईडींवर साधारण ३.९ व्होल्ट जातात, उरलेले १.१ व्होल्ट रेझिस्टरवर. करंट ३३ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. रेझिस्टर गाळलात तर एलईडी जळतील. मग दोन्ही ओळी समांतर करून केबलच्या लाल आणि काळ्या वायरीला जोडा. स्वस्त केबलमध्ये रंगांवर विसंबू नका, मल्टिमीटरनं बघा. पांढरी-हिरवी कापून टेप लावा.

इथं हमखास चुकतं ते एलईडीच्या दिशेत. लांब पाय प्लस; पण रिमोटमधून काढलेल्याचे पाय कापलेले असतात. तेव्हा मल्टिमीटर डायोडवर ठेवा: १.१ व्होल्टच्या आसपास आकडा आला की लाल टोक लावलेली बाजू प्लस. एक जरी उलटा बसला तरी ती अख्खी बाजू बंद. डोळ्यांना उजेड दिसत नाही, म्हणून मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून पाहा. जांभळट चमक दोन्हीकडे दिसायला हवी.

वीज वीच्याच मागच्या यूएसबीतून घ्या किंवा मोबाइलच्या चार्जरवरून. बार जोडलाय की नाही हे वीला कळतच नाही. पॉवर बँक मात्र टाळा: दोन्ही ओळी मिळून ६६ मिलिअँपिअर, हा भार इतका किरकोळ की काही पॉवर बँका अर्ध्या मिनिटात बंद होतात.

बार टीव्हीच्या वर किंवा खाली, बरोबर मध्यावर चिकटवा. सेटिंगमध्येही तीच जागा निवडा. एक ते अडीच मीटरवर उभे राहा. बाजूला सरकलं की हात नाहीसा होत असेल तर एलईडीचा झोत अरुंद आहे. प्रत्येक गटातला बाहेरचा एलईडी किंचित बाहेरच्या बाजूला वाकवा.

पडद्यावरचा हात थरथरत असेल तर खोली बघा. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन, पिवळा बल्ब, गणपतीत टीव्हीशेजारच्या आराशीतली समई, या सगळ्यांतून इन्फ्रारेड निघतं आणि रिमोटला नको तो तिसरा ठिपका दिसतो. एलईडीच्या माळांचा सहसा त्रास नाही. समई हलवता येत नसेल तर सेन्सिटिव्हिटी एक पायरी कमी करा.

रिमोटला मोशनप्लस ही जोडणी लावून खेळताना तलवार हळूहळू एकीकडे कलत गेली तर बारला हात लावू नका. ते २००९ मध्ये आलेल्या त्या जोडणीतल्या जायरोचं, म्हणजे फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचं, काम. रिमोट सपाट टेबलावर, बटणं खाली करून, काही सेकंद स्थिर ठेवा.