ड्रम कोअरमध्ये पहिले पाऊल टाकणाऱ्यांसाठी

अमेरिकेत वाढणारी अनेक मराठी मुले शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये वाजवतात, आणि त्यांतली काही नववी-दहावीच्या सुमारास ड्रम कोअर या स्पर्धेत उतरणाऱ्या वाद्यपथकाची ऑडिशन देण्याचा हट्ट धरतात. संपूर्ण उन्हाळा बसने देशभर फिरायचे, शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपायचे आणि त्यासाठी वर पैसेही आपणच भरायचे, हे ऐकून आईवडील गोंधळतात. मी काही उन्हाळे मेलोफोन वाजवला आणि पुढे नव्या मुलांना पितळी वाद्ये शिकवली. या काळात माझे एक मत पक्के झाले. कोअरमधल्या कडक शिस्तीमागचा इतिहास ज्याला आधी समजतो, त्याला ती शिस्त जाच वाटत नाही. म्हणून येथे इतिहास आणि व्यवहार दोन्ही सांगते.

ड्रम कोअरमध्ये फक्त पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि झेंडे, रायफली, तलवारी फिरवणारा कलर गार्ड असतो. क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन यांना तेथे स्थान नाही. मोठ्या कोअरमध्ये दीडशेच्या आसपास तरुण असतात. दहा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम ते संपूर्ण मोसम घासूनपुसून अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर सादर करतात आणि परीक्षक त्याला १०० पैकी गुण देतात. त्यांतले ४० गुण एकूण परिणामासाठी, ३० दृश्यासाठी आणि ३० संगीतासाठी असतात.

या परंपरेचा उगम पहिल्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत आहे. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या अमेरिकन लीजन आणि व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स या संघटनांच्या गावोगावच्या शाखांनी सैन्यातले बिगुल आणि ढोल घेऊन पथके उभी केली. पुढे चर्च, स्काउट आणि वस्त्यांमधल्या मंडळांनी मुलांची पथके काढली. स्पर्धेचे नियम सैनिकी होते. गणवेश आणि बुटांची तपासणी होई, राष्ट्रध्वजाला मानवंदना द्यावी लागे आणि ध्वजाचे रक्षण करणारी तुकडी सोबत चाले. आजचा नृत्यप्रधान कलर गार्ड त्याच तुकडीतून वाढत आला. परीक्षक मैदानावर वादकांच्या रांगांमध्ये फिरत आणि चुकलेल्या प्रत्येक पावलाला, निसटलेल्या प्रत्येक ठोक्याला गुणाचा दहावा भाग कापत. ही ‘टिक’ पद्धत १९८३च्या मोसमापर्यंत टिकली. १९८४पासून गुण कापण्याऐवजी केलेल्या कामाचे गुण देण्यास सुरुवात झाली. आज गुण कापणारा तो परीक्षक उरला नाही, परंतु त्याची नजर शिक्षकांच्या डोळ्यांत उतरली आहे. तुमच्या टाचेची उंची शेजारच्यापेक्षा बोटभर वेगळी असली तरी ती का खटकते, हे या पार्श्वभूमीवर कळते.

स्पर्धांचे नियम आणि वेळापत्रक माजी सैनिकांच्या त्या संघटनांच्या हाती होते आणि वादनात नवे काही करू पाहणाऱ्या पथकांना ते अपुरे वाटू लागले. वायोमिंगमधल्या कॅस्परच्या ‘ट्रूपर्स’चे जिम जोन्स आणि शिकागोच्या ‘कॅव्हेलियर्स’चे डॉन वॉरेन यांच्या पुढाकाराने पथकांनी स्वतःची संस्था काढली, ती म्हणजे ड्रम कोअर इंटरनॅशनल. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर येथे झाली आणि ती कॅलिफोर्नियाच्या ‘अनाहाइम किंग्जमेन’ने जिंकली. २००९पासून ही अंतिम स्पर्धा इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये ऑगस्टमध्ये भरते.

वाद्यांची गोष्ट मला सर्वांत प्रिय आहे, म्हणून येथे थोडी रेंगाळते. मूळ बिगुलाला एकही खटका, म्हणजे दाबून स्वर बदलणारा व्हॉल्व्ह, नव्हता. ‘जी’ स्वरात लावलेल्या त्या नळीतून फक्त तिचे नैसर्गिक स्वर निघत. खालच्या पट्टीत त्या स्वरांमध्ये मोठी अंतरे असल्यामुळे सलग सप्तक वाजवणे अशक्य होते. मग आडवा बसवलेला एक खटका आला, जो दाबला की संपूर्ण नळी ‘जी’वरून ‘डी’वर उतरे. पुढे त्याला फिरत्या झडपेची जोड मिळाली, १९७७ साली दोन उभ्या खटक्यांना आणि १९९० साली तीन खटक्यांना परवानगी मिळाली. २०००पासून कोणत्याही पट्टीची वाद्ये चालू लागली आणि बहुतेक पथके नेहमीच्या ‘बी फ्लॅट’ व ‘एफ’ वाद्यांकडे वळली. जुन्या जाणत्यांना हा बदल आजही सलतो. शाळेत शिकलेली बोटे थेट वापरता येतात, त्यामुळे नवख्यांसाठी तो हिताचा झाला असे माझे मत आहे. तरीही ‘जी’ बिगुलांची जुनी ध्वनिमुद्रणे प्रत्येकाने ऐकावीत, कारण मोजके स्वर हाताशी असताना केलेली ती रचना आणि तो भरदार नाद यांतून खूप शिकायला मिळते.

आज वरच्या स्वरांत ट्रम्पेट, मध्ये मेलोफोन, खाली बॅरिटोन व युफोनियम आणि सर्वांत खाली खांद्यावर तोललेला कॉन्ट्रा म्हणजेच मार्चिंग ट्यूबा असतो. मेलोफोनची जागा एरवी फ्रेंच हॉर्नची. परंतु हॉर्नचे तोंड मागे वळलेले असते आणि चालताना त्याचा स्वर सांभाळणे फार कठीण जाते, म्हणून समोर तोंड असलेला मेलोफोन. कॉन्ट्राचे वजन दहा किलोच्या वर जाते, तेव्हा तो घेऊ इच्छिणाऱ्याने हिवाळ्यातच पाठ आणि पोट बळकट करावे.

ढोलांच्या रांगेत स्नेअर (खाली तारा ताणलेला, कडक आवाजाचा ढोल), एकट्याने चार-सहा ढोल गळ्यात घेणारे टेनरवादक आणि वेगवेगळ्या आकारांचे बास ड्रम असतात. बासवादकाच्या वाट्याला एकच स्वर येतो आणि एक सलग बोल पाच जणांत वाटलेला असतो, त्यामुळे त्याला स्वतःच्या ठोक्यांइतकीच विरामांची मोजदाद करावी लागते. या वादनाचा पाया म्हणजे रूडिमेंट, अर्थात हातांच्या ठरावीक क्रमाचे मूळ बोल. १९३३ साली अमेरिकन लीजनच्या शिकागो अधिवेशनात एकत्र आलेल्या ढोलवादकांनी त्यांची प्रमाण यादी करण्याचे काम हाती घेतले, आणि आज ४० रूडिमेंटांची यादी प्रमाण मानली जाते. महाराष्ट्र मंडळाच्या ढोल-ताशा पथकात ताशा वाजवलेली मुले स्नेअरकडे ओढली जातात. त्यांच्या हातात दम आणि लय दोन्ही असतात, मात्र पथकात अंगात येणारा जोश येथे काडीच्या उंचीत दिसता कामा नये. ती उंची इंचांत ठरलेली असते, तीन म्हणजे तीन आणि नऊ म्हणजे नऊ. आरशासमोर बसून, मेट्रोनोम (ठेका देणारे यंत्र) मंद लावून केलेला सराव यासाठी सर्वांत उपयोगी ठरतो. मैदानाच्या पुढच्या कडेला मारिंबा, व्हायब्राफोन अशी काड्यांनी वाजवायची पट्ट्यांची स्थिर वाद्ये मांडण्याची मुभा १९८२पासून मिळाली. ध्वनिवर्धक २००४ साली आणि इलेक्ट्रॉनिक वाद्ये २००९ साली आली.

वाद्य उत्तम येणाऱ्या मुलांची खरी परीक्षा चालण्यात होते. मूळ पाऊल पाच यार्डांत आठ, म्हणजे साडेबावीस इंचांचे. प्रत्येकाच्या गळ्यात एक छोटी वही अडकवलेली असते आणि तिच्यात मैदानावरच्या प्रत्येक आकृतीतली स्वतःची जागा लिहिलेली असते: मैदानावर आखलेल्या कोणत्या यार्ड-रेषेपासून किती पावले आत, पुढच्या कडेपासून किती पावले मागे. समजा, सोळा मात्रांत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर तिरके जायचे आहे. शिक्षक आधी वाद्याविना चालायला लावतात, मग आठव्या मात्रेला सर्वांना थांबवून निम्मे अंतर बरोबर कापले का ते पाहतात, मग फक्त श्वास घेत चालवतात, मग गात, आणि शेवटी वाजवत. प्रत्येक वेळी ‘रीसेट’ म्हटले की धावत मूळ जागी जायचे आणि दुसऱ्याने काय चुकवले याची चर्चा न करता पुन्हा उभे राहायचे. मागे जाताना टाच टेकवायची नाही, चवड्यांवर चालायचे. पोटऱ्या पहिले दोन आठवडे भरून येतात, मग सवय होते.

मे अखेरीस सुरू होणाऱ्या निवासी सराव-शिबिरात सकाळपासून रात्रीपर्यंत हेच चालते. जूनच्या उत्तरार्धात दौरा सुरू झाला की स्पर्धा संपवून रात्री बसमध्ये झोपायचे, पहाटे नव्या गावातल्या शाळेत गादीत हवा भरून उरलेली झोप घ्यायची आणि पुन्हा मैदान गाठायचे. जेवण कोअरच्या स्वयंपाकाच्या ट्रकमधून दिवसातून चार वेळा मिळते. मूल शाकाहारी असेल तर अर्जातच तसे स्पष्ट लिहावे. दोन जोड चांगले बूट, मोठी पाण्याची बाटली, टोपी आणि सनस्क्रीन यांत काटकसर करू नये. स्वयंपाक, शिलाई, ट्रक चालवणे ही कामे बहुतांशी स्वयंसेवक पालक करतात. माझी आई एका आठवड्यासाठी आली आणि गणवेशांच्या पँटींच्या दुमडी उसवून पुन्हा शिवत बसली, तेव्हा तिच्या मनातली काळजी कुठल्याही समजुतीशिवाय मिटली.

रिवाज प्रत्येक कोअरचे निराळे असतात आणि ते जुनी मुले नव्यांना शिकवतात. विश्रांतीत वाद्ये सरळ रेषेत मांडून ठेवणे, स्पर्धेपूर्वी अर्धवर्तुळात उभे राहून कोअरचे गीत म्हणणे, मोसमाच्या शेवटी वयोमर्यादा संपलेल्यांना निरोप देणे, हे बहुतेक ठिकाणी आढळते. हे रिवाज पाळताना कोणालाही अपमानित केले जात असेल, तर ते परंपरा म्हणून सहन करू नये आणि व्यवस्थापनाला तत्काळ सांगावे.

खर्च काही हजार डॉलरचा असतो. कोअर नफ्यासाठी चालत नाहीत. ही रक्कम प्रवास, अन्न आणि शिक्षण यांत जाते, आणि ती हप्त्यांनी भरता येते. शिष्यवृत्तीबद्दल विचारण्यात संकोच करू नये. वयाची मर्यादा कडक आहे: साधारणपणे ज्याचा बाविसावा वाढदिवस १ जूनला किंवा त्यानंतर येतो, तोच त्या मोसमात उतरू शकतो. शिक्षणासाठी भारतातून उशिरा गेलेल्यांसाठी सर्व वयोगटांचे कोअर आहेत. त्यांची अजिंक्यपद स्पर्धा १९६५ साली सुरू झाली आणि सराव बहुधा शनिवार-रविवारी असल्यामुळे नोकरी सांभाळूनही ते जमते.

ऑडिशन साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होतात. व्हिडिओ पाठवताना पावलांपासून डोक्यापर्यंत संपूर्ण शरीर दिसू द्यावे, मेट्रोनोमचा आवाज ऐकू येऊ द्यावा, आणि अवघड तुकडा धडपडत वाजवण्यापेक्षा सोपा तुकडा स्थिर स्वरात वाजवावा. पहिल्या वर्षी निवड न होणे अगदी नेहमीचे आहे. परीक्षकांनी दिलेला अभिप्राय जपून ठेवावा आणि पुढच्या वर्षी त्याच कोअरकडे पुन्हा जावे, कारण मागच्या सूचनांवर कोणी काय काम केले हे शिक्षक आवर्जून पाहतात.