जुनी चेनसॉ दुरुस्त करायची की भंगारात द्यायची? आधी सायलेन्सर उघडा

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या अंबिया बहाराची तोडणी आटोपली की सल, म्हणजे झाडावरच्या वाळक्या फांद्या, काढायची घाई सुरू होते आणि वर्षभर कोठीत पडलेली चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायची पेट्रोलवरची करवत, बाहेर निघते. वीस वेळा दोरी ओढूनही ती हूं की चूं करत नाही. मिस्त्री म्हणतो, "भाऊ, कार्ब्युरेटर गेला." शेजारी म्हणतो, "नवीनच घ्या." दोघांचंही लगेच ऐकू नका.

मुळात सल काढायला चेनसॉ लागतेच असं नाही. मनगटाएवढ्या जाडीपर्यंतच्या वाळक्या फांद्यांना आरी आणि सिकेटर (छाटणीची कात्री) पुरे. वाळलेल्या भागाबरोबर दोनेक सेंटिमीटर हिरवा भाग घेऊन कापा आणि जखमेवर बोर्डो पेस्ट लावा (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी). चेनसॉचं खरं काम म्हणजे पूर्ण वाळलेली संत्र्याची झाडं आणि वादळात धुऱ्यावर (बांधावर) आडवी झालेली बाभूळ. हे काम वर्षातून दोन-चार दिवसांचंच असेल आणि गावात मशीन भाड्याने मिळत असेल, तर दुरुस्तीचाही खर्च कशाला? धुऱ्यावरचा साग, आंबा, मोह कापायचा असेल तर आधी परवानगी काढा. 1964 चा वृक्षतोडीचा कायदा आपल्या वावरातल्या झाडालाही लागू आहे.

मशीन ठेवायचीच असेल तर निकाल पिस्टनवर लावा. स्विच बंद करा, दोरी कुजलेली नाही ना ते बघा आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर मशीन नुसत्या दोरीच्या मुठीला धरून लटकवा. अडखळत, दम खात खाली आली तर इंजिनात जीव आहे. सरकन खाली आली तर कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, गेलं. मग सायलेन्सरचे बोल्ट काढा, दोरी हळूहळू ओढून पिस्टन सायलेन्सरमागच्या खिडकीसमोर (धूर बाहेर पडायच्या भोकासमोर) आणा आणि मोबाईलच्या टॉर्चने बघा. बाजू गुळगुळीत असेल तर मशीन दुरुस्तीलायक. वरून खाली उभे ओरखडे दिसले, नख फिरवल्यावर अडकले, तर ब्लॉक (सिलिंडर) आणि पिस्टन खलास. हे पाच मिनिटांचं काम न करताच लोक कार्ब्युरेटरवर पैसे घालतात. मीही एकदा घातले होते.

पिस्टन चांगला असेल तर बिघाड बहुतेक वेळा किरकोळ निघतो: टाकीत राहिलेलं पेट्रोल. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. जुन्या मशीनची रबरी नळी आणि कार्ब्युरेटरचा पडदा त्याने कडक होतो नाहीतर फुगतो. पडद्याचा किट, नळी, टाकीतली गाळणी आणि प्लग बदला. एवढ्यावर बहुतेक मशीन सुरू होतात.

ओरखडे असतील तर आधी कारण शोधा. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑईल कमी पडलं, की कुठून हवा ओढली जात होती? रेस सोडल्यावरही इंजिन आपोआप किंचाळत असेल तर क्रँकच्या ऑईल सीलवर संशय घ्या. सील न बदलता नवा पिस्टन टाकला तर तोही जळणार. ब्लॉक, पिस्टन, सील आणि मजुरी मिळून नव्या मशीनच्या निम्म्याच्या पुढे गेलं की मी तरी हात वर करतो. चेन आणि बार (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) यात धरू नका; तो झिजणारा माल आहे, नव्या मशीनलाही लागणारच. कापताना लाकडाच्या ढलप्या न पडता पीठ पडतंय, तर चेन बोथट आहे, कानस मारा. बारच्या खाचेत चेन आडवी डुलत असेल तर बार संपला.

एका बाबतीत हिशेब करायचाच नाही. पुढची ढाल ढकलल्यावर चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. हा ब्रेक नसलेली किंवा दुरुस्त न होणारी मशीन कितीही ताकदीची असली तरी वापरू नका. बारचं टोक फांदीत अडलं की मशीन उसळून तोंडाकडे येते, आणि तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

जुनी विकत घेताना पोहोचल्याबरोबर सायलेन्सरला हात लावा. गरम असेल तर विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधीच ती सुरू करून ठेवली आहे. चहा घ्या, गप्पा मारा, गार होऊ द्या आणि मग स्वतः दोरी ओढा. मी एकदा गरम मशीन पहिल्या ओढीत सुरू झालेली पाहून पैसे मोजले. दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात खांदा दुखेपर्यंत ओढत बसलो.

घरी आणल्यावर टाकीतलं पेट्रोल ओतून द्या आणि मशीनच्या पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच ऑईल मिसळा. 50:1 असेल तर लिटरमागे 20 मिली, 25:1 असेल तर 40 मिली. झाकणाने अंदाजे ओतू नका, दवाखान्यातली सिरिंज वापरा. हंगाम संपला की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. जुनी भंगारात द्यायचं ठरलंच तर स्टार्टर, क्लच आणि कार्ब्युरेटर काढून ठेवा. त्याच मॉडेलची मशीन असणारा कोणी ना कोणी ते शोधत असतो.