लो केलेली जुनी स्विफ्ट मूळ उंचीवर आणताना

लो केलेली, म्हणजे स्प्रिंग कापून किंवा तापवून मूळ उंचीहून खाली आणलेली गाडी पुन्हा वर आणायची म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: "स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर टाका, गाडी येते वर." टाकू नका. स्प्रिंगचे वेढे कापले की ती आधीच कडक झालेली असते. त्यात बफर बसवला की उरलेल्यांतले एक-दोन वेढेही काम करेनासे होतात. गाडी उंच दिसते, पण खड्ड्याचा दणका जवळजवळ तसाच वरच्या माउंटिंगला (जिथे स्प्रिंगची वरची बाजू बॉडीला बसते) आणि बॉडीला जातो. माउंटिंगवर ॲल्युमिनियमचं पॅकिंग चढवणं हाही त्याच जातीचा उपाय. गॅसच्या ज्योतीने तापवून दबवलेली स्प्रिंग तर सरळ भंगारात द्या. तिचं पोलादाचं पाणी उतरलेलं असतं आणि ती ताणून पूर्ववत होत नाही.

इथे उदाहरणाला 2005 ते 2011 मधली पहिल्या पिढीची मारुती स्विफ्ट घेतली आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा भाग, तिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. अशीच मांडणी असलेल्या इतर हॅचबॅकनाही हे बहुतांश लागू पडतं. यातल्या बऱ्याच गाड्या आता पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी-नूतनीकरणाच्या तपासणीला जातात, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे मूळ रचनेतले फेरफार तिथे अडचणीचे ठरू शकतात. त्यामुळे हे काम तपासणीच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नका.

पैसे कुठे घालायचे

स्प्रिंग जुन्या चालतात, शॉकअप नवेच हवेत. बजेट कितीही ताणलेलं असलं तरी हा क्रम उलटा करायचा नाही. गंज खोल गेला नसेल आणि तडा नसेल तर कंपनीची स्प्रिंग वर्षानुवर्षं टिकते. शॉकअपचं तसं नसतं. लो गाडीत त्याचा दांडा कायम खालच्या टोकाजवळ काम करतो, बंपस्टॉपवर (दांड्यावरच्या धक्का झेलणाऱ्या ठोकळ्यावर) आपटतो आणि सील जातं.

मूळ स्प्रिंगसाठी भंगार बाजार गाठण्याआधी गाडीच्या आधीच्या मालकाला फोन करा. गाडी लो करणारे मूळ स्प्रिंग सहसा फेकत नाहीत. माळ्यावर किंवा ज्याने काम केलं त्याच्या दुकानात त्या पडलेल्या सापडतात. बाजारातूनच घ्यायच्या असतील तर पेट्रोल आणि डिझेल यांत गल्लत नको. डिझेल इंजिन जड असल्याने पुढची स्प्रिंग वेगळी असते. ती पेट्रोल गाडीला लावली की नाक वर होतं. वेढ्यांवर रंगाचे पट्टे असतात, डाव्या-उजव्या स्प्रिंगवर ते सारखे आहेत का पाहा. दोन्ही टोकंही बघा. ग्राइंडरची चकाकती किंवा तिरपी कड दिसली तर तीही कापलेलीच आहे.

याबरोबर पुढचे बंपस्टॉप आणि डस्ट कव्हर नवे घ्या. गाडी लो करताना बंपस्टॉप अर्धा कापलेला असतो, आणि हे कोणी सांगत नाही. वरच्या माउंटिंगची बेअरिंग हाताने फिरवा. खरखर लागली तर बदला. आखूड लिंक रॉड (स्ट्रटला वळणावरचा झुकाव आवरणाऱ्या बारशी जोडणारे दांडे) घातले असतील तर मूळ मापाचे आणा. स्ट्रटला नकलशी (चाकाचा हब धरणाऱ्या भागाशी) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी वरचा कॅम्बर बोल्ट (चाकाचा उभा कल बदलणारा) असेल तर त्याजागी साधा बोल्ट लागेल. चाकांच्या अलाइनमेंटचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.

खोलण्याआधी एक माप

सपाट जागी, चारही टायरमध्ये योग्य हवा भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांवर लिहून घ्या. सोसायटीत त्याच मॉडेलची न छेडलेली गाडी असेल तर तिचंही माप घ्या. तोच तुमचा नकाशा. जमिनीपासून मोजू नका, टायर बदलला की तो आकडा फसवतो.

मागची बाजू

सोपी आहे. बॉडी स्टँडवर, बीमखाली जॅक. दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, जॅक हळूहळू उतरवा, स्प्रिंग हाताने निघते. ब्रेकचा होज ताणला जात नाही एवढं बघा. स्प्रिंगची रबरी सीट फाटली असेल तर बदला.

पुढचा स्ट्रट: घाई इथे महागात पडते

स्ट्रट गाडीतून काढणं अवघड नाही. होज आणि सेन्सरची वायर कंसातून सोडवा, लिंक रॉड असेल तर तो काढा, नकलचे दोन बोल्ट, मग वरचे नट. वरची जागा काउलच्या (पुढच्या काचेच्या पायथ्याच्या) प्लास्टिकखाली असेल तर आधी वायपर उतरवावे लागतात. काही गाड्यांत वर मध्यभागी एकावर एक दोन नट असतात. वरचा गाडीला धरतो, खालचा स्प्रिंगला. स्ट्रट गाडीत असताना खालच्याला हात लावायचा नाही.

खरा सापळा यानंतर येतो. कापलेली स्प्रिंग एवढी आखूड असते की पुष्कळदा ती दाबून न धरताही मधला नट सुटतो आणि काहीच उडत नाही. माणसाला वाटतं, एवढं सोपं? मग मूळ स्प्रिंग समोर येते, बरीच लांब, आणि दांड्याला नट लागतच नाही. इथे लोक दोरी, तार, साखळी किंवा दोन दणकट मित्र असे जुगाड करतात. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा किंवा मनगट मोडू शकतं. स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) नसेल तर स्ट्रट पिशवीत घालून ज्याच्याकडे भिंतीला बसवलेला कंप्रेसर आहे अशा गॅरेजमध्ये न्या आणि फक्त एवढ्याच कामाचे पैसे द्या. सगळ्या कामात मजुरी देण्यासारखी एवढीच पायरी आहे.

स्वतः करणार असाल तर हुकांचे दोन कंप्रेसर स्प्रिंगच्या बरोबर समोरासमोर लावा, शक्य तितके वेढे धरा. आट्यांना ग्रीस. आळीपाळीने दोन-तीन फेरेच द्या. एक बाजू पुढे गेली की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि हुक घसरतो. इम्पॅक्ट गन वापरायची नाही. स्ट्रटचं टोक स्वतःकडे किंवा कोणाकडेही ठेवू नका.

नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबा आणि वर ओढा, आतली हवा निघते. दांडा पकडीने धरायचा नाही. क्रोमवर ओरखडा पडला की तोच सील फाडतो. नट कसताना दांड्याच्या टोकाला ॲलन की किंवा पाना लावून धरा.

आता ती गोष्ट, जी न पाहिल्याने अर्ध्या गाड्या परत खोलाव्या लागतात. स्प्रिंग ज्यावर बसते त्या स्ट्रटच्या खालच्या सीटला एक पायरी असते. स्प्रिंगचं टोक त्या पायरीला टेकलं पाहिजे. कंप्रेसर सोडताना स्प्रिंग थोडी फिरते, म्हणून अर्धा सोडा, टोक बघा, गरज असेल तर फिरवा, मगच पूर्ण सोडा. टोक पायरीवर चढून बसलं तर गाडी एका बाजूला उंच राहते आणि स्टिअरिंग वळवताना "टंग" असा आवाज येतो.

बुश: गाडी टेकवूनच कसा

लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या भुजेचे) आणि मागच्या बीमचे रबरी बुश, म्हणजे सांध्यांतली रबरी नळकांडी, खालच्या उंचीवर कसलेले असतील तर गाडी वर आल्यावर ते कायम पिळलेले राहतात, उंची पूर्ण येऊ देत नाहीत आणि लवकर फाटतात. ते बोल्ट ढिले करा, चाकं लावा, गाडी जमिनीवर घ्या, पुढून-मागून चार वेळा दाबून सोडा. मग वजन चाकांवर असतानाच कसा. पिट असलेलं गॅरेज यासाठी उत्तम. गाडी लिफ्टवर लटकत असताना हे बोल्ट कसणाऱ्याला थांबवा. टॉर्कचे (बोल्ट किती जोराने कसायचा याचे) आकडे तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या.

नंतर

पन्नास-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा मोजा. पहिल्या दिवशी गाडी जरा जास्तच उंच दिसते, घाबरू नका. डाव्या-उजव्यात सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर आधी स्प्रिंगचं टोक, मग रंगाचे पट्टे तपासा. खड्ड्यात खडखड येत असेल तर वरचे नट आणि लिंक रॉड. त्यानंतरच अलाइनमेंट, कारण उंची बदलली की टो (वरून पाहता चाकाची दिशा) आणि कॅम्बर दोन्ही सरकतात. आतल्या कडेने घासलेले पुढचे टायर मागच्या चाकांना लावा, ते आता सरळ होणार नाहीत. लो असताना कोणी हेडलाइटचा झोत वर केला असेल तर तोही खाली आणा.