स्मृतिनिधी उभारताना: मेंदूच्या कर्करोग संशोधनासाठी देणग्या कशा जमवाव्यात

‘आधी पैसे जमवू, कुठे द्यायचे ते नंतर बघू’ म्हटलं की घोडं तिथेच अडतं, कारण देणारा पहिल्यांदा तेच विचारतो. म्हणून आधी संस्था निवडा. कर्करोगासाठी काम करणारी प्रत्येक संस्था संशोधन करतेच असं नाही. काही रुग्णांना मदत करतात, काही जनजागृती. लेखापरीक्षण झालेला हिशेब मागा, संशोधनावर प्रत्यक्ष किती खर्च झाला ते पाहा. प्रकल्प बाहेरचे तज्ज्ञ तपासतात का, हेही विचारा.

मग एक ओळ लेखी घ्या: ‘ही रक्कम फक्त मेंदूच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी वापरली जाईल.’ ती नसेल तर देणगी सर्वसाधारण निधीत मिसळते आणि पुढे तिचा माग लागत नाही. रक्कम लहान असेल तर स्वतंत्र निधीचा हट्ट नको; चालू संशोधन निधीतच स्मृतिप्रीत्यर्थ भर घाला.

पैसे थेट संस्थेच्या खात्यात जावेत. स्वतःच्या खात्यात घेतले की पावत्या, कर आणि नातेवाइकांच्या शंका, तिन्ही अंगावर येतात. ऑनलाइन मंच वापरणार असाल तर तो किती टक्के कापतो ते आधीच सांगून टाका.

फोटो आणि आजाराचा तपशील देण्याआधी घरच्या सगळ्यांची संमती घ्या. इथेच सर्वाधिक कटुता येते.

आवाहन चार-पाच ओळींचं पुरे. उदाहरणार्थ: ‘ताईला ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा एक आक्रमक कर्करोग होता. या गाठीच्या पेशी आसपासच्या निरोगी मेंदूत शिरतात, त्यामुळे शस्त्रक्रियेने सगळ्या निघत नाहीत. बरीचशी औषधं रक्तातून मेंदूत पोहोचतच नाहीत. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड हे कर्करोगाचं औषध, ही उपचारपद्धती २००५ पासून मूळ स्वरूपात तशीच आहे. तिच्या आठवणीत संशोधनाला हातभार लावा.’ ‘तुमच्या देणगीने हा रोग बरा होईल’ असं मात्र लिहू नका.

आवाहन जाहीर करण्याआधी आठ-दहा जवळच्यांकडून उद्दिष्टाचा पाव हिस्सा जमवा. जमा रकमेचा आकडा शून्यावर दिसला की लोक काही न देताच निघून जातात. तारीख वाढदिवसाची, स्मृतिदिनाची किंवा ८ जूनची, म्हणजे जागतिक ब्रेन ट्यूमर दिनाची निवडता येईल. कार्यक्रम करायचाच असेल तर आधी खर्च मांडा. अपेक्षित जमा त्याच्या तिपटीहून कमी दिसली तर बेत सोडा. सभागृह, ध्वनिव्यवस्था आणि छपाईतच पैसे उडतात.

देणगीदाराचे आभार दोन दिवसांत, नाव घेऊन माना. मोहीम संपली की एकूण जमा, कपात आणि संस्थेला पोहोचलेली रक्कम सगळ्यांना कळवा. वर्षभराने संस्थेकडून साध्या भाषेतलं एक पान मागून घ्या आणि तेही पाठवा.