जठराचं ऑपरेशन झालंय? आतड्याच्या बाबतीत या चुका टाळा

"ऑपरेशन जठराचं, मग आतड्याला काय झालं?" वॉर्डाबाहेर सतरंजी टाकून बसलेले नातेवाईक हे हमखास विचारतात. पोट उघडून आत हात लागला, की सगळीच यंत्रणा काही काळ गप्प होते. लहान आतडं बहुधा २४ तासांत हलू लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, मोठ्या आतड्याला दोन-तीन. वारा सरायला वेळ लागतो तो या शेवटच्यामुळे.

अशा वेळी घरून एरंडेल आणून पाजू नका. आतले टाके ताजे असतात. "घसा कोरडा पडलाय, दोन घोट द्या की" म्हणून चोरून पाणी देणंही नको. हल्ली डॉक्टर लवकर पाणी सुरू करतात, पण ते त्यांनाच ठरवू द्या. चालवायला सांगितलं तर चालवा. त्याने आतडं लगेच धावतं असं नाही, पण पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका कमी होतो.

खरी फसगत घरी आल्यावर होते. जठर आणि आतडं यांच्यामध्ये एक झडप असते, ती अन्न थोडं थोडं पुढे सोडते. बऱ्याच ऑपरेशनमध्ये ती जाते किंवा वळसा घालून नवा रस्ता काढला जातो. मग जेवण धाडकन आतड्यात उतरतं. त्यात गोड असेल तर ते पाणी आतड्यात ओढून घेतं. जेवल्यावर १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, कळा, जुलाब. घरचे म्हणतात, अशक्तपणा आलाय, आणि रसवंतीवरून उसाचा रस आणतात. म्हणजे आगीत तेलच.

घड्याळ बघा. हाच घाम आणि थरथर जेवणानंतर एक ते तीन तासांनी आली तर रक्तातली साखर खाली गेलेली असू शकते. तेव्हा साखर तपासा आणि थोडी द्या, नंतर डॉक्टरांना सांगा. पण मूळ कारण बहुतेकदा आधीच्या जेवणातलं गोडच असतं. एक अख्खी भाकरी एका बैठकीत संपवण्याऐवजी चतकोर-चतकोर, दिवसातून सहा वेळा. डाळ, अंडं, दही आधी. पाणी जेवताना नको, अर्ध्या तासाने.

आणि भेटायला येणाऱ्यांची मोसंबी! जालन्याची असली तरी पांढऱ्या सालीसकट, न चावता गिळू नका. दळायला जठर अपुरं पडतं, चोथ्याचा गोळा होतो आणि तो लहान आतड्यात अडकू शकतो.

पोट फुगून हिरवी उलटी होत असेल, वारा-शौच बंद असेल, तर सोडा-ओवा करत रात्र काढू नका, तालुक्यातून मोठ्या हॉस्पिटलकडे निघा. सोबत डिस्चार्ज कार्ड घ्या. कुठला रस्ता बंद केला, कुठला जोडला, ते त्यावरच लिहिलेलं असतं.