गॅस न पेटवता दाण्याचे लाडू

उपासाच्या दिवशी काहीतरी गोड हवं असतं आणि गॅसपाशी उभं राहायचा कंटाळा, तेव्हा हे करा. भाजून सोललेले दाणे आणा २ वाट्या, पण घेताना एक दाणा खाऊन बघा, मी एकदा घाईत खारे दाणे उचलले आणि लाडू कोणी तोंडात धरेना. गूळ १ वाटीला थोडा कमी, बारीक चिरलेला, साधा मऊ गूळच घ्या, चिक्कीचा नको, तो नीट मिसळत नाही.

आधी दाणे मिक्सरला थांबून थांबून फिरवा, सलग फिरवलं की तेल सुटतं आणि गोळा होऊन बसतो, रव्यापेक्षा जरा जाडसर कूट झालं की बास. मग गूळ आणि वेलची टाकून परत दोनच झटके द्या. आता मूठभर घेऊन दाबून बघायचं, वळतंय तर तूप घालायची गरजच नाही, फुटतंय तर चमचाभर साजूक तूप पातळ करून, म्हणजे वाटी गरम पाण्यात ठेवून, घाला. १२-१३ होतात, आमच्याकडे संध्याकाळपर्यंत डबा रिकामा.