टोमॅटोची फळकूज: फवारणीआधी या चुका टाळा

परतीचा पाऊस आला की घोडबंदरच्या गच्च्यांपासून मुरबाड-शहापूरच्या शेतांपर्यंत एकच तक्रार ऐकू येते: टोमॅटो पिकायच्या आतच सडतोय. मग जो तो औषधाचं नाव विचारत सुटतो. त्याआधी सडलेलं फळ हातात घेऊन नीट बघा. बहुतेकांची गाडी इथेच चुकते.

डाग फळाच्या बुडाला, म्हणजे देठाच्या विरुद्ध बाजूला असेल, काळपट, कोरडा आणि खोलगट असेल, तर तो रोगच नाही. फळाला कॅल्शियम कमी पडलंय. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. त्यामुळे शनिवार-रविवार कुंडी वाळू द्यायची आणि सोमवारी भरभरून पाणी घालायचं, असं केलं की हा डाग हमखास येतो. यावर कुठलीही बुरशीनाशक फवारणी वाया जाते. अंड्याची टरफलं घालणाऱ्यांनाही सांगतो, ती कुजायला कित्येक महिने लागतात, लागलेल्या फळांना त्यांचा उपयोग नाही. पाणी रोज, बेताचं, ठरलेल्या वेळी द्या. फळाला छिद्र असेल तर अळी पोखरते आहे आणि सड तिच्या मागून आली आहे. तिथे पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा.

खरी फळकूज वेगळी दिसते. जमिनीजवळच्या हिरव्या फळांवर तपकिरी डाग पडतो. त्यात हरणाच्या डोळ्यासारखी फिकट-गडद वर्तुळं असतात आणि साल गुळगुळीत राहते. ही फायटोफ्थोरा, म्हणजे मातीत राहणारी, बुरशीसारखी रोगकारक जात. पावसाचा थेंब आपटला की चिखलाच्या शिंतोड्याबरोबर ती फळावर चढते. म्हणून वरून पाइपने झाड धुणं ही सगळ्यात मोठी चूक. पाणी बुडाशी, सकाळी द्या. झाड काठीला किंवा तारेला बांधा, खालची वीतभर पानं काढा आणि माती झाका. गावाकडे भाताचा पेंढा हाताशी असतोच; नेरूळ-खारघरच्या बाल्कनीत वाळलेली पानं किंवा नारळाच्या शेंड्या चालतात. एवढ्यानेच निम्मी लढाई जिंकली जाते, असं माझं ठाम मत आहे.

ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाला आवर घालणारी उपयोगी बुरशी, वापरताना लोक पाकीट फोडतात आणि कोरड्या मातीवर भुरभुरतात. त्याने काही होत नाही. चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात किलोला १० ग्रॅम मिसळा, सावलीत गोणपाटाखाली आठवडाभर ठेवा, मग लागवडीच्या वेळी मुळाशी द्या. रोग दिसल्यावर नव्हे, आधीच. पाकिटावरची तारीख तपासा. उन्हात पडलेला माल घेऊ नका.

बोर्डो मिश्रण, म्हणजे तांबं असलेलं बुरशीनाशक, सेंद्रिय शेतीत मर्यादेत चालतं. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम कळीचा चुना घ्या. दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत वेगवेगळे विरघळवा, मग तिसऱ्या बादलीत एकत्र ओता. त्यात लोखंडी खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी चुन्याची निवळी घाला, नाहीतर पानं करपतील. मिश्रण त्याच दिवशी संपवा. आणि ट्रायकोडर्मासोबत हे कधीही देऊ नका, तांब्याने ती उपयोगी बुरशीही मरते. मोठ्या कष्टाने वाढवलेलं आपणच मारायचं, हे पाहून जीव हळहळतो.

सडलेली फळं झाडाखाली पडू देऊ नका, घरच्या खतडब्यातही टाकू नका. तो डबा पुरेसा तापत नाही, आणि रोग खतातून परत कुंडीत येतो. रोगट फळं लगेच ओल्या कचऱ्याच्या गाडीत द्या. त्या मातीत पुढच्या हंगामात टोमॅटो, वांगी, मिरची नको. मेथी, पालक किंवा मुळा घ्या.